हातात उरलेल्या दोन पिना

गेल्या रविवारी वॉशिंग मशीन खडखडायला लागलं. आधी वाटलं नाणं असेल कुणाच्या तरी खिशातलं, म्हणून दुर्लक्ष केलं, पण नाण्याचा आवाज असा नसतो, नाणं नुसतं घरंगळतं. हा आवाज ठाम होता, दर फेरीला दोनदा, टक-टक, कुणीतरी दारावर उभं असल्यासारखा. मशीन थांबवून रबराच्या घडीत बोट घातलं तर दोन लोखंडी पिना निघाल्या. गोल, गुळगुळीत, बोटाच्या दीड पेराएवढ्या, काळसर निळ्या रंगाच्या. हातात घेतल्या घेतल्या ओळखल्या आणि पोटात एकदम कसंतरी झालं. ह्या मार्चपासून माझ्या जॅकेटच्या खिशात होत्या. आणि ह्या माझ्या नाहीत. शेजारआजोबांच्या बंदुकीतल्या आहेत, म्हणजे खरं तर त्यांच्या वडलांच्या बंदुकीतल्या, आणि मी ते काम 'झालं' म्हणून हात धुवून घरी येऊन चहा प्यायलो होतो.

आमचे बाबा इचलकरंजीत जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की माग बिघडला की मालक ज्याला हाक मारतो तो जॉबर. बाबा लूमच्या आवाजावरून कुठे काय ढिलं झालंय ते सांगायचे, शेडच्या बाहेर उभं राहून, तंबाखू मळता मळता. मी शाळेतून आलो की त्यांच्यामागे पान्यांची पिशवी घेऊन फिरायचो. त्यांचे दोनच नियम होते. पहिला, "आवळू नकोस, बसव." दुसरा, मशीन उघडून परत जोडल्यावर हातात काही उरता कामा नये. वॉशर असो नाहीतर टिचभर खिळा, उरलं म्हणजे काम झालेलं नाही, परत उघड. एकदा मी एक स्प्रिंग वॉशर लपवून खिशात घातला होता कारण जेवायची वेळ झाली होती आणि भूक लागली होती. रात्री त्यांनी चड्डीच्या खिशातून तो काढला, काही बोलले नाहीत, चपला घातल्या आणि अकरा वाजता शेडवर गेले. मी जागाच होतो. परत आले तेव्हा एक वाजला होता.

तर ह्या दोन पिना.

शेजारआजोबा हे नाव माझ्या मुलीने ठेवलेलं. आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनजवळच्या ह्या गावात राहायला आलो तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि शेजारचे हे गृहस्थ बर्फ काढायचं मशीन घेऊन आमचाही ड्राइव्हवे साफ करून गेले, न विचारता. तेव्हापासून ते शेजारआजोबा. आता सत्तरी पार आहे, बायको जाऊन सहा वर्षं झाली, आणि वर्षातले अकरा महिने ते अगदी शांत असतात. एप्रिल आला की ह्या माणसाचं काहीतरी होतं. विस्कॉन्सिनमध्ये टर्की ह्या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा वसंत सीझन सात-सात दिवसांच्या तुकड्यांत वाटलेला असतो, बुधवारी सुरू मंगळवारी संपला, आणि तुम्हाला ज्या तुकड्याचं परमिट लागलं तेवढेच सात दिवस तुमचे. त्यामुळे मार्चपासूनच गॅरेजमधून विचित्र आवाज येतात. लाकडी खोक्यावर झाकण घासून टर्कीच्या मादीचा आवाज काढायचा एक प्रकार असतो, बॉक्स कॉल, त्याचा सराव. माझी बायको सुरुवातीला विचारायची, त्यांच्या दाराला तेल घालून देतोस का जरा.

गेल्या वर्षी त्यांचा नेम चुकला. वीस यार्डांवर, म्हणजे आपल्या व्हरांड्यातून समोरच्या घराच्या फाटकाएवढ्या अंतरावर, मोठा नर उभा, मान वर काढून, आणि ह्यांनी बार काढला तो त्याच्या डोक्यावरून गेला. ही गोष्ट त्यांनी मला वर्षभरात निदान पाच वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी खालच्या आवाजात, चोरी कबूल केल्यासारखी. कारण त्यांना माहीत होतं. गालाने दस्ता सोडला. पक्षी इतका जवळ, इतका सुंदर, की तो नीट बघावा म्हणून माणूस नकळत डोकं अर्धा इंच उचलतो, आणि शॉटगनवर, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीवर, नेम धरायची मागची खूण, साइट म्हणतात ती, नसतेच, तुमचा डोळा हीच मागची साइट. डोळा वर गेला की नळीचं तोंड वर. बस. नळीच्या टोकाला फक्त एक पितळी मणी असतो. आमच्या आत्याकडे, आजऱ्याच्या बाजूला, शेजारच्या घरात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी, आणि निवडणूक लागली की ती पोलीस स्टेशनात जमा व्हायची आणि त्या घरची म्हातारी म्हणायची डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार. तर तिथे त्या मण्याला 'माशी' म्हणायचे. माशी बसव जनावरावर. मी हे शेजारआजोबांना सांगितलं तर ते खूश झाले, आणि मग म्हणाले, माझी माशी उडाली रे. दिसतच नाही. आधी वाटलं थट्टा करतायत, पण डोळ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला होता आणि ऑपरेशनची तारीख जूनची होती. सीझन एप्रिलमध्ये.

म्हणून रेड डॉट, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी साइट. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणलेली ही वस्तू आता काडेपेटीएवढ्या आकारात मिळते. आत एक छोटा एलईडी, त्याचा उजेड समोरच्या किंचित वक्र काचेवरून परत डोळ्याकडे येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं लाल ठिपका काचेवर नाहीच, तिकडे लांब पक्ष्यावरच कुठेतरी तरंगतोय. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसलं की आतला दिवा बाहेरच्या उसावरून आपल्याबरोबर पळत येतो ना, तसं. म्हाताऱ्या डोळ्याला ह्याचा फायदा असा की जवळचा मणी आणि लांबचा पक्षी ह्या दोन्हीवर नजर खालीवर करावी लागत नाही, पक्ष्याकडे बघा, ठिपका तिथेच आहे. दुसरा फायदा त्यांना जास्त महत्त्वाचा होता. डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी ठिपका काचेत सरकतो पण नळी जिथे रोखलीय तिथेच राहतो. म्हणजे गालाने दगा दिला तरी ठिपका देत नाही.

अडचण वेगळीच होती. ही बंदूक रेमिंग्टन ८७०. पंपवाली, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची, १९५० मध्ये निघालेली, नंतर एक कोटीच्या वर विकली गेलेली, म्हणजे अमेरिकेत ही बंदूक असणं म्हणजे आपल्याकडे बजाजची स्कूटर असण्यासारखं. पण ही जुनी, अक्रोडाच्या दस्त्याची, त्यांच्या वडलांनी डेअरीच्या दुधाच्या पैशातून घेतलेली. नव्या बंदुकांच्या रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या पोलादी पेटीवर, कंपनीच भोकं आणि आटे पाडून देते, रेल म्हणजे पट्टी बसवायची आणि रेलवर साइट. ह्याची पाठ कोरी, गुळगुळीत. गनस्मिथ म्हणाला अर्ध्या तासाचं काम आहे, चार भोकं पाडतो, ६-४८ चे आटे पाडतो, म्हणजे साडेतीन मिलिमीटरचा स्क्रू आणि इंचाला ४८ आटे. शेजारआजोबा नाही म्हणाले. का ते सांगितलं नाही. मला दाखवायला म्हणून त्यांनी फक्त रिसीव्हरच्या पाठीवरून अंगठा फिरवला, मागून पुढे, एकदाच. तिथला निळा रंग उडून पांढरं पोलाद दिसत होतं, बरोबर अंगठ्याएवढ्या रुंदीत. त्यांचा अंगठा नव्हता तो उडवणारा. निदान एकट्याचा नव्हता.

भोक न पाडता बसवायचा एक उपाय असतो, सॅडल माउंट. घोड्याच्या खोगिरासारखा पत्रा, रिसीव्हरवर वरून बसतो आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. चापाच्या वर रिसीव्हरमध्ये आरपार दोन पिना असतात, ज्या आतली चापाची सगळी यंत्रणा धरून ठेवतात. त्या पिना ठोकून काढायच्या आणि त्याच भोकांतून माउंटचे लांब बोल्ट घालायचे. बंदुकीला ओरखडाही नाही. पुढे कधी वाटलं तर बोल्ट काढा, पिना परत घाला, जसं होतं तसं.

पिना परत घाला, हे त्यांनी तेव्हा दोनदा म्हटलं होतं. मला आत्ता आठवतंय.

मार्चमधला शनिवार. बाहेर अर्धवट वितळलेला मळका बर्फ, गॅरेजमध्ये गन-ऑइलचा तो गोडसर वास, त्यात लाकडाचा भुसा, त्यात त्यांची पातळ अमेरिकन कॉफी. मी घाबरलो होतो हे मान्य केलं पाहिजे. वीस वर्षं ह्या देशात राहून मी बंदुकीला हात लावला नव्हता. एच-वन व्हिसावर होतो तेव्हा कायद्याने जवळ बाळगताच येत नव्हती, आणि त्यातही गंमत म्हणजे शिकारीचं लायसन काढलं तर येत होती, असा तो कायदा आहे. पण तेव्हा कुणाला पडली होती. शेजारआजोबांनी ती उघडली, नळी भिंतीकडे ठेवली, आत करंगळी घालून रिकामी आहे ते स्वतः बघितलं आणि मग मलाही करंगळी घालायला लावली. बघून चालत नाही, म्हणाले, बोट घालायचं. थंड होतं आत. मग त्यांनी पितळी पंच आणि छोटा हातोडा माझ्या हातात दिला, कारण त्यांचा हात आता थरथरतो, आणि मी पहिली पिन ठोकली. चार टिचक्या. पिन पलीकडून माझ्या डाव्या तळहातात पडली, तेलकट, आणि खरं सांगतो, बत्तीस वर्षांनी मला बाबांच्या पिशवीचा वास आला.

त्यानंतरचे दोन तास मी फार मजेत होतो. हे लिहायला जरा अवघड जातंय पण होतो. सगळं स्पिरिटने पुसून कोरडं केलं, बोल्टाच्या आट्यांना निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एकेक थेंब, एक बोल्ट थोडा, दुसरा थोडा, परत पहिला. पाणसळ ठेवून साइट आडवी आहे का बघितलं. आणि मग शेवटी, सगळं छान बसलेलं असताना, मी दोन्ही बोल्ट अजून एक पाव फेरा आवळले. का? कारण टर्कीच्या काडतुसाचा झटका मोठा असतो, ढिलं पडायला नको. इंजिनियरची भीती. शेजारआजोबांनी पंप मागे ओढला आणि तो अर्ध्यात अडकला. इतकी वर्षं लोण्यासारखा चालणारा पंप. त्यांनी एकदा ओढून बघितला, दोनदा, आणि मग बंदूक खाली ठेवून म्हणाले, कॉफी घेतोस का अजून, आणि आत निघून गेले. मला समजायला तेवढं पुरलं. पत्र्याने रिसीव्हर दोन्ही बाजूंनी दाबला होता, केसभर, पण आत काडतूस ढकलणारा बंदुकीचा स्वतःचा जो बोल्ट असतो, त्याला सरकायला तेवढीच केसभर जागा असते. आवळू नकोस, बसव. मी बोल्ट पाव फेरा मागे घेतले, पंप ओढला, चालला. जरा अजून सोडले, लोण्यासारखा चालला. ते कॉफी घेऊन आले तेव्हा मी काही बोललो नाही आणि त्यांनीही विचारलं नाही, नुसता पंप एकदा मागेपुढे केला, मान हलवली. त्या गडबडीत पिना खिशात गेल्या असणार.

मग ठिपका बघायची पाळी. घड्याळाच्या सेलसारखा चपटा सेल घातला, सीआर २०३२, गाडीच्या चावीत असतो तोच, आणि ते म्हणाले आधी तू बघ. बघितलं तर गोल ठिपका नव्हताच, एक फिसकटलेलं काहीतरी होतं, घाईत लावलेल्या ओल्या कुंकवाला ओघळ यावा तसं, खाली उजवीकडे शेपटी. मी म्हटलं पीस खराब दिसतोय, परत करू या. त्यांनी बघितलं, म्हणाले गोल तर आहे. मोतीबिंदू झालेला माणूस मला म्हणतोय गोल आहे. शेवटी मी फोन साइटमागे धरून फोटो काढला. फोटोत टाचणीच्या डोक्यासारखा स्वच्छ गोल लाल ठिपका. दोष माझ्या डोळ्यात. बुबुळ क्रिकेटच्या बॉलसारखं गोल नसून जरा अंड्यासारखं असलं की असं दिसतं, ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात, चष्म्याच्या नंबरात कितीतरी वर्षं तो आकडा लिहिलेला होता आणि मी कधी विचारलं नव्हतं तो कशाचा आहे. परत करू या म्हणालो होतो मी.

आणि अजून एक गंमत, जी आधी कुणाच्या लक्षातच आली नाही. माउंट अधिक साइट मिळून काच मण्यापेक्षा चांगली इंच-दीड इंच वर गेली. दस्ता मण्यासाठी बनवलेला. म्हणजे ठिपका बघायला आता त्यांना गाल उचलावाच लागत होता. ज्या सवयीने नेम चुकला तीच सवय आता साइट सक्तीने लावत होती. शेजारआजोबा हे ऐकून इतके हसले की खुर्चीत बसले. मग नळाच्या पाइपावर थंडीसाठी चढवतात ना फोमची नळी, ती उभी चिरून दस्त्यावर ठेवली आणि वरून टेप गुंडाळली. दिसायला भयंकर. फ्रॅक्चर झालेल्या पायासारखं. अक्रोडाचा तो सुंदर दस्ता झाकून गेला, पण गाल बसला.

नेम जुळवायला आम्ही व्हर्नन काउंटीत गेलो, त्यांच्या चुलतभावाच्या शेतावर, दोनेक तासांचा रस्ता. हा सगळा भाग हिमनद्यांनी वळसा घालून सोडून दिलेला, म्हणून बाकी मिडवेस्टसारखा तवा नाही, डोंगर आहेत, घळी आहेत, वळणं आहेत, पावसाळ्यात आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना वाटतं तसं मला उगीचच वाटत राहतं. आणि रस्त्याच्या कडेला जुनी उंच लाकडी कोठारं, ज्यांच्या भिंतीच्या उभ्या फळ्या दारासारख्या उघडतात. मी विचारलं हे काय, तर म्हणाले तंबाखू. इथे नॉर्वेहून आलेले शेतकरी तंबाखू लावायचे आणि ह्या कोठारांत वाळत टांगायचे. माझं आजोळ निपाणीचं. मी काच खाली केली. काही वास नव्हता अर्थात, आता कुणी लावत नाही फारसं, नुसती गार हवा आत आली. पण त्यांना मी आजीच्या घराच्या वखारीबद्दल सांगितलं, आत शिरलं की शिंक यायचीच, आणि ते म्हणाले माझ्या आईला पण. तंबाखूवरून आईवर आणि मग त्यांच्या वडलांवर विषय आला. त्यांच्या लहानपणी ह्या डोंगरात एकही टर्की नव्हता. विस्कॉन्सिनमधून हा पक्षी १८८१ पर्यंत संपलाच होता, जंगल तोडलं, बेसुमार मारला. मग १९७६ मध्ये मिसूरीतून २९ पक्षी आणून ह्याच काउंटीत सोडले, बदल्यात विस्कॉन्सिनने रफ्ड ग्राउस नावाचे पक्षी दिले. माल के बदले माल. पुढे अजून काही आणले आणि ते इतके वाढले की १९८३ मध्ये शिकारीचा पहिला सीझन निघाला. म्हणजे त्यांच्या वडलांनी ही बंदूक घेतली तेव्हा टर्की ही थँक्सगिव्हिंगच्या आसपास दुकानात मिळणारी वस्तू होती. बंदूक बदकांसाठी आणि फेझंटसाठी. उडत्या पक्ष्यासाठी. त्याला मणीच लागतो, किंबहुना मणीही लागत नाही, पक्ष्याकडे बघायचं आणि झुलवायचं. टर्की मात्र जमिनीवर उभा असतो आणि त्याचं फक्त डोकं आणि मान हाच नेम, त्यामुळे शॉटगन असूनही रायफलसारखी रोखावी लागते. वडलांनी पहिला जंगली टर्की बघितला तो साठीनंतर, धान्याच्या शेतात, आणि गाडी रस्त्यातच थांबवून बघत बसले होते. मागे हॉर्न वाजले तरी.

डोंगराच्या पोटाशी पुठ्ठा लावला. आधी हलकी काडतुसं, वीस यार्डांवरून, खांदा जपायला. छर्ऱ्यांचा सगळा घोस ठिपक्याच्या चार इंच डावीकडे. इथे माझं शिक्षण कामाला आलं. साइटचा एक क्लिक म्हणजे एक एमओए, हे कोनाचं माप, म्हणजे शंभर यार्डांवर साधारण इंच, म्हणजे वीस यार्डांवर इंचाचा पाचवा भाग, म्हणजे चार इंचाला वीस क्लिक. मी बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने वीस क्लिक मोजून दिले, मोठ्याने, आणि पुढचा बार मधोमध. मग तीस यार्ड आणि खरं काडतूस, सहा नंबरचे शिशाचे छर्रे. दुकानातला पोरगा टंगस्टनचे घ्या म्हणत होता, शिशापेक्षा दीडपट जड असतात आणि लांब जातात, पण एका काडतुसाला दहा डॉलरच्या वर, शेजारआजोबा म्हणाले त्यापेक्षा मी दहा पावलं जवळ जाईन. आणि जुन्या नळीला कशाला छळायचं. पुठ्ठ्यावर दहा इंची वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची, शंभर असली की बास, असा साधारण हिशोब असतो. मी मार्करने प्रत्येक भोकावर टिकली करत मोजत होतो, दहाची ओळ, परत दहाची ओळ, आणि मला आई आठवली चातुर्मासात लक्ष वाती मोजताना, अशीच दहा-दहाच्या जुड्या बांधायची. एकशे चार. हे दोन्ही मोजणं डोक्यात शेजारी शेजारी आलं ह्याचं मला तिथेच वाईट वाटलं, आणि मोजदाद बरोबर आली ह्याचा आनंदही झाला. दोन्ही एकदम.

मी शिकारीला जाणार नव्हतो. पण साइट बसवली मी, क्लिक मोजले मी, आणि मग मी येत नाही म्हणणं म्हणजे जेवण वाढून पाठ फिरवण्यासारखं झालं असतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे तीनला उठून खाली गेलो तर टॉर्चच्या उजेडात त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत पाठवलं. कपडे बदल. मी युनिव्हर्सिटीचा लाल-पांढरा स्वेटशर्ट घातला होता, सगळे घालतात तो. जंगलात ह्या सीझनला लाल, पांढरा, निळा चालत नाही, मोजे किंवा बनियन सुद्धा डोकावता कामा नये, कारण नराच्या डोक्याचे हेच तीन रंग, आणि दुसऱ्या झाडाखाली कुणी उतावळा बसला असेल तर. हे रंग मला आधी माहीत होते, पण वेगळ्या कारणाने. जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याला गेला आणि १६१२ मध्ये तिथल्या फिरंग्यांकडून बादशहासाठी बऱ्याच अजब वस्तू घेऊन आला, त्यात टर्की होता. अमेरिकेतला पक्षी, पोर्तुगीज जहाजातून गोव्यात, तिथून आग्र्याला. जहांगीराने त्याचं डोकं बघून लिहून ठेवलंय, आत्ता पोवळ्यासारखं लाल, मग कापसासारखं पांढरं, मग फिरोज्यासारखं, सरड्यासारखं बदलतं. आणि उस्ताद मन्सूरला चित्र काढायला सांगितलं. ते चित्र आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. त्यात मन्सूरने मानेच्या प्रत्येक गाठीला इतक्या मायेने रंगवलंय की तो पक्षी कुणी खाल्ला असेल असं वाटत नाही.

ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो. ओल्या पानांचा वास, ढुंगण गार. अंधारात घुबड ओरडलं आणि त्याला उत्तर म्हणून वरच्या झाडांतून तो ओरडला, गॉबल-गॉबल वगैरे नाही, एकदम फुटल्यासारखा आवाज, छातीत ऐकू येतो. उजाडायला लागलं. लांब क्रेन पक्षी खुळखुळ्यासारखे वाजत होते. शेजारआजोबांनी खोका दोनदा घासला आणि खाली ठेवला, परत उचलला नाही. मग वीस मिनिटं काहीच नाही. मग पाचोळ्यात पावलं. माणसासारखी पावलं. तो उताराच्या कडेवरून आधी पिसाऱ्याने उगवला, मग छाती, तांब्याच्या हंड्यासारखी, मग डोकं. पांढरं. मग निळं. मी श्वास घेत नव्हतो. जहांगीर खरं बोलत होता. शेजारआजोबांचा गाल त्या फोमवर घट्ट टेकलेला मला दिसत होता आणि मनात मी एकच गोष्ट म्हणत होतो, बोल्ट ढिले नकोत. पक्षी मरू नये असंही वाटत होतं का? वाटत होतं. पण बोल्टचं आधी वाटलं, आणि ते मला अजून पटलेलं नाही.

बार झाला. तो तिथेच पडला आणि बराच वेळ पंख मारत राहिला. मेल्यावर मारतात तसे, असं ते म्हणाले. मी खाली बघितलं, जमिनीतून कसलीतरी हिरवी छत्रीसारखी पानं वर येत होती.

मी कोल्हापूरकडचा माणूस, रविवारी मटण नसेल तर घरात सुतक वाटतं, तेव्हा मी कुठलाही आव आणणार नाही. एकवीस पौंड भरला. शेजारआजोबांनी पायाचे दोन मोठे तुकडे कागदात गुंडाळून दिले. जंगली पक्षी, आयुष्यभर डोंगर चढलेला, कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी हाडाला सोडेना, दहाव्या शिट्टीला नमला. कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला, त्यांना बोलावलं, त्यांनी नाक पुसत पुसत दोन वाट्या प्यायल्या. बायको खात नाही, तिने फक्त विचारलं, साइट नीट बसली होती ना मग? मी हो म्हटलं. मुलीने दोघांकडे बघितलं आणि ताट घेऊन टीव्हीसमोर गेली.

आणि मग रविवारी ह्या पिना. बाबा गेल्यावर भावाने माग भंगारात दिले, मी व्हिडिओ कॉलवर होतो, गॅस कटरच्या ठिणग्यांनी स्क्रीन सारखी पांढरी होत होती. बाबांचा पत्र्याचा डबा मात्र त्याने ठेवला. गेल्या दिवाळीत उघडून बघितला. कसल्या कसल्या पिना, कॉटर, स्प्रिंगा, एक दात तुटलेलं गिअर, सगळं तेलाच्या कागदात, आणि कुठल्याही वस्तूचं मशीन आता अस्तित्वात नाही. ह्या पिनांची बंदूक निदान शेजारच्या घरात आहे.

काल संध्याकाळी पिना घेऊन गेलो. शेजारआजोबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झालाय, काळा चष्मा घालून गॅरेजमध्ये बसले होते. मी म्हटलं ह्या माझ्याकडे राहिल्या होत्या, आणि धुतल्या पण गेल्या, सॉरी. त्यांनी चष्मा वर केला, एक पिन ट्यूबलाइटखाली धरली आणि फिरवत राहिले. ओरखडा आहे ह्यावर. मी म्हटलं माझ्याच हातून झाला असेल, पंच घसरला असेल. नाही, म्हणाले, ह्यात गंज बसलाय, जुना आहे. म्हणजे ही माझ्या वडलांनी पण काढली होती कधीतरी. मला माहीतच नव्हतं.

मी विचारलं आता डोळा आला तर साइट काढायची का. ते बंदुकीच्या कपाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, दुसरा डोळा व्हायचाय अजून.

त्यांच्या फळीच्या खालच्या बाजूला बेबी फूडच्या बाटल्यांची झाकणं उलटी ठोकलेली आहेत, त्यांची मुलं लहान असतानाची, आणि प्रत्येक झाकणात एकेक बाटली फिरवून लटकवलेली, खिळ्यांची, वॉशरची, कसली कसली. त्यांनी एक रिकामी बाटली काढली, पिना आत टाकल्या, आणि वर झाकणात फिरवत नेली. आटे लागले, बाटली बसली, आणि त्यांनी हात काढून घेतला.